आधी सुतारकाम, मग रेल्वे

मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात बहुतेक माणसं इंजिनाकडे बघतात. काही जण सिग्नल, बोगदे, फलाटावरची इवलीशी माणसं न्याहाळतात. एखादाच गृहस्थ गुडघ्यावर बसतो आणि सरळ टेबलाखाली डोकं घालतो. तो या छंदातला मुरलेला गडी समजावा. वरची गाडी किती सुरळीत धावणार, हे खालच्या लाकडाने आधीच ठरवलेलं असतं, हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं.

रूळ, डोंगर, स्टेशन हे सगळं ज्या लाकडी पायावर उभं राहतं त्याला बेसबोर्ड म्हणतात. आपण नुसतं बोर्ड म्हणू. हा पाया किती नेमका लागतो ते एका आकड्यावरून कळेल. आजच्या लोकप्रिय मापाच्या गाड्यांच्या चाकांना आतल्या बाजूने जी कड असते, जिच्यामुळे चाक रुळावरून उतरत नाही, तिची खोली जेमतेम ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. आपला सुतार लाकूड सुतात मोजतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या किंचित वर. म्हणजे सगळी गाडी रुळावर राहते ती सुताच्या पाचव्या हिश्शाच्या भरवशावर. दोन बोर्डांच्या जोडावर अर्ध्या मिलिमीटरचा उंचसखलपणा राहिला तर पहिला डबा उडतो, मागचे त्याच्यावर चढतात, आणि मालक इंजिन बनवणाऱ्या कंपनीला शिव्या घालतो.

हा छंद जगभर पसरला असला तरी घरातल्या रिकाम्या खोलीत रेल्वे मांडायची रीत ब्रिटनमध्ये जितकी रुजली तितकी क्वचितच कुठे रुजली असेल. सुरुवातीला मात्र तिथेही बोर्ड नव्हता. फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९२० मध्ये किल्लीवर चालणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या. दोन रुळांमधलं अंतर ३२ मिलिमीटर, त्यामुळे गाडी भलीथोरली, आणि ती धावायची दिवाणखान्यातल्या गालिच्यावर. गालिच्याचे तंतू दातेरी चाकांत अडकायचे आणि संध्याकाळी सगळं आवरून पेटीत भरावं लागायचं. मग १९३५ मध्ये जर्मनीतल्या ट्रिक्स आणि मार्क्लिन या कंपन्यांनी जवळपास निम्म्या मापाच्या, विजेवरच्या गाड्या काढल्या. १९३८ मध्ये हॉर्नबी डब्लो आली. गाडी जमिनीवरून टेबलावर चढली. पण टेबल जेवायचं होतं. जेवायची वेळ झाली की रेल्वे बंद! कायमच्या बोर्डाची गरज तिथून सुरू झाली.

त्या निम्म्या मापाचे आज दोन भाऊ आहेत. ब्रिटनचं डबल ओ, ज्यात खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे साधारण १:७६. आणि बाकी जगाचं एचओ, १:८७. गंमत अशी, की दोघांचे रूळ एकच, १६.५ मिलिमीटरचे. एचओच्या हिशेबाने ते खऱ्या १४३५ मिलिमीटरच्या रुळाशी बरोबर जुळतात. डबल ओच्या हिशेबाने अरुंद पडतात. ब्रिटिश इंजिनं अंगाने बारीक आणि त्या काळच्या मोटारी जाड, म्हणून मोटार मावावी यासाठी इंजिन थोडं फुगवलं आणि रूळ तेच ठेवले. ही तडजोड होऊन नव्वद वर्षं होत आली तरी ती गेलेली नाही. आपल्याकडची ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. ती एचओत आणायची तर रुळांत एकोणीस मिलिमीटरहून जास्त अंतर हवं. कोथरूडच्या जोशी रेल्वे संग्रहालयामुळे छोट्या गाड्यांशी ओळख झालेल्या पुणेकरांनी भारतीय इंजिनाचं मॉडेल १६.५च्या रुळावर पाहिलं, तर ते आपल्या खऱ्या रुळापेक्षा अरुंद रुळावर उभं आहे हे ध्यानात ठेवावं.

आता खोलीत येऊ. मुलं शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडली, एक खोली मोकळी झाली. समजा ती दहा बाय आठ फुटांची आहे. नवखा माणूस काय करतो? प्लायवूडची आठ बाय चार फुटी अख्खी शीट आणतो, चार पायांवर ठेवतो आणि त्यावर रुळांचा लंबगोल मांडतो. यात मोह आहे, कारण तयार मिळणारे वक्र रूळ त्या शीटवर अगदी मापात बसतात. पेको या ब्रिटिश कंपनीच्या तयार रुळांत पहिल्या वळणाची त्रिज्या ३७१ मिलिमीटर, दुसऱ्याची ४३८, तिसऱ्याची ५०५. चार फूट म्हणजे १२२० मिलिमीटर. त्यात तिसऱ्या वळणाचं पूर्ण वर्तुळ सहज मावतं. लाकडाच्या वखारीतलं माप आणि रुळाचं माप असं जुळलं आणि कित्येकांचे लेआउट आठ बाय चारच्या चौकटीतच जन्मले.

पण हा सापळा आहे, असं माझं स्पष्ट मत. खोलीच्या मधोमध ठेवलेल्या या पलंगाएवढ्या बोर्डाभोवती फिरायला चारही बाजूंनी वाट लागते. आठ फुटी भिंतीला चार फुटांचा बोर्ड आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट. लांबीत एक-एक फूट. तिथून माणूस आडवा होऊनच जाणार. बरं, भिंतीला टेकवून ठेवला, तर पलीकडच्या कडेला घसरलेला डबा उचलायला हात पोचत नाही. उभ्याने वाकून माणसाचा हात कामाचा राहतो तो साधारण साठ सेंटिमीटरपर्यंत. त्यापुढे कोपर आणि पोट मध्ये येतात आणि अलीकडचं स्टेशन चिरडलं जातं. इतकं करून गाडीला पळायला मिळतं किती? दुसऱ्या वळणाच्या लंबगोलाची एक फेरी साधारण साडेपाच मीटर.

त्याच खोलीत चारही भिंतींना लागून दीड फूट रुंदीची फळी फिरवली तर कोपऱ्यांत ऐसपैस वळण देऊनही फेरी आठ मीटरच्या वर जाते. मध्ये माणसाला खुर्ची टाकून बसता येतं. कुठेही हात पोचतो. आणि सर्वांत मोठा फायदा म्हणजे गाडी सगळी एकदम दिसत नाही. ती डोळ्यांसमोरून जाते, पाठीमागे जाते, पुन्हा येते. तेव्हाच ती कुठून तरी आली आणि कुठे तरी निघाली असं वाटतं. रेल्वे म्हणजे अखेर प्रवास, आणि चार फुटी वर्तुळात प्रवास कसला!

अडचण एकच, दार. भिंतीभोवतीची फळी दारावरून जाणारच. काही जण वाकून खालून जातात. पंचविशीत ते ठीक, साठीत कंबर विचारते. म्हणून दारापाशी उचलता येणारा तुकडा करतात. त्याची बिजागरी कुठे बसवायची, यात खरी गोम आहे. साध्या पेटीच्या झाकणासारखी ती फळीच्या खालच्या अंगाला बसवली, तर तुकडा वर उचलताना रुळांची टोकं एकमेकांत घुसतात आणि वाकतात. बिजागरीचा आस रुळाच्या पातळीच्या वर हवा. म्हणून दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे लावून बिजागरी त्यांवर चढवतात. मग तुकडा उचलला की रुळांची टोकं एकमेकांपासून दूर सरकतात. सोबत एक बटन असं जोडायचं, की तुकडा उघडा असेल तेव्हा दोन्हीकडच्या शेवटच्या फूट-दीड फूट रुळातली वीजच बंद होईल. चार फुटांवरून फरशीवर पडलेलं इंजिन दुरुस्त करण्यापेक्षा हे बटन स्वस्त पडतं.

बोर्डाच्या उंचीबद्दल वाद कधीच मिटणार नाहीत. बसून चालवायचं तर जेवणाच्या टेबलाएवढी, ७५ ते ९० सेंटिमीटर. उभ्याने चालवायचं तर सव्वा मीटरच्या आसपास. तिथे गाडी नजरेच्या रेषेजवळ येते आणि खरीखुरी भासते. घरात लहान मुलं असतील तर हा वाद घालूच नये, त्यांच्या हनुवटीची उंची घ्यावी.

आता प्रत्यक्ष लाकूड. नवख्याची समजूत अशी असते की बोर्ड भक्कम हवा तर जाड फळी घ्या. अठरा मिलिमीटरच्या चिपबोर्डची पूर्ण शीट पस्तीस किलोच्या आसपास भरते आणि आधार कमी पडला तर स्वतःच्याच वजनाने महिन्यागणिक पोट सोडत जाते. ताठपणा जाडीतून कमी आणि उभ्या खोलीतून जास्त येतो. ४४ बाय १८ मिलिमीटरची पट्टी घ्या. ती आडवी ठेवून वाकवा, मग तीच उभी करून वाकवा. लाकूड तेच, वजन तेच, पण उभी पट्टी सहापट ताठ. कारण ताठपणा खोलीच्या घनाने वाढतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये पिढ्यान् पिढ्या दोन इंच बाय एक इंचाच्या उभ्या पट्ट्यांची चौकट करतात, तिच्यात दर फूट-सव्वा फुटावर आडवी पट्टी घालतात आणि वर नऊ मिलिमीटरचा प्लाय ठोकतात. नऊ मिलिमीटर म्हणजे आपल्या भाषेत तीन सूत. तेवढं पुष्कळ होतं.

अलीकडचे जाणकार साध्या लाकडाच्या पट्ट्याही टाळतात. बाजारातली स्वस्त पट्टी दुकानात सरळ दिसते आणि घरी आठवडाभरात पीळ खाते. त्याऐवजी प्लायच्याच शंभर मिलिमीटर उंचीच्या पट्ट्या कापून घेतात. काही जण चार मिलिमीटरच्या दोन पट्ट्यांमध्ये ठिकठिकाणी लाकडी ठोकळे चिकटवून पोकळ तुळई बनवतात. ती हातात घेतली तर हलकी लागते, पण वाकता वाकत नाही.

ही चौकट जोडण्याआधी एक काम करावंच लागतं, ते म्हणजे रुळांचा पूर्ण आराखडा फळीवर खऱ्या मापात आखणं. कारण सांध्यांची, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जिथे वळते त्या जागांची, टोकं हलवणाऱ्या मोटारी बोर्डाच्या खालून बसतात. सांध्याच्या बरोबर खाली आडवी पट्टी आली तर मोटारीला जागाच नाही. मग पट्टी कोरा, तिचा जीव जाईपर्यंत कोरा. आखणी आधी केली तर पट्टी दोन इंच सरकवून हा प्रश्न सुटतो. तसंच आडव्या पट्ट्यांना वायरींसाठी इंचभर व्यासाची भोकं आधीच पाडून घ्यावीत. नंतर पाठीवर झोपून, डोळ्यांत भुसा झेलत ड्रिल चालवणं हा छंद नव्हे, शिक्षा आहे.

अमेरिकेत घराखालच्या तळघरांमुळे जागा ऐसपैस, त्यामुळे तिथली सुतारकी वेगळी झाली. तिथल्या ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी एक पद्धत रुजवली. उभ्या फळीच्या माथ्यावर एक अरुंद पट्टी चिकटवून स्क्रू करायची, म्हणजे आडव्या छेदात इंग्रजी एल अक्षर उलटं दिसतं. अशा दोन तुळया समांतर, त्यांवर आडव्या पट्ट्या, आणि प्रत्येक स्क्रू खालून. खालून का? वर डोंगर, रूळ, झाडं सगळं झाल्यावरही एखादी पट्टी मध्येच आली तर खालून चार स्क्रू काढून ती सरकवता यावी म्हणून. इतक्या साध्या गोष्टीत इतका दूरचा विचार मला फार आवडतो.

वेस्टकॉट यांच्या पद्धतीत पाय तुळईच्या टोकांना नसतात. दोन्हीकडून लांबीचा पाचवा भाग आत घेऊन तिथे पाय लावतात. यामागे गणित आहे. तुळई टोकांवर टेकवली तर मधोमध जेवढी वाकते त्याच्या सोळाव्या हिश्शाच्या आसपासच ती या रचनेत वाकते, कारण बाहेर लोंबणारी टोकं मधल्या भागाला वर उचलून धरतात. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी लांबी मोजायची प्रमाण पट्टी नेमकी कुठे टेकवावी याचं उत्तर काढलं होतं. तेही प्रत्येक टोकापासून २१ टक्क्यांच्या आसपास येतं.

या उघड्या सांगाड्याचा दुसरा फायदा म्हणजे जमीन खाली जाऊ शकते. सपाट फळीवर डोंगर करता येतो, दरी करता येत नाही. सांगाड्यावर रूळ ठोकळ्यांवर उचललेले असतात, त्यामुळे त्यांच्या खाली नदी, पूल, खिंड जमते. मात्र चढाचा हिशेब आधी करावा. आपल्या बोरघाटात कर्जत ते लोणावळा चढ ३७ ला १ आहे आणि तिथे खऱ्या गाड्यांनाही मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. डबल ओमध्ये एक रूळ दुसऱ्याच्या वरून न्यायचा तर दोन पातळ्यांत साधारण ७० मिलिमीटरचं अंतर हवं. बोरघाटाएवढा कडक चढ धरला तरी त्याला २.६ मीटर लांबी लागते, आणि उतरायला पुन्हा तेवढीच. म्हणजे त्या आठ बाय चारच्या बोर्डावरची अख्खी फेरी चढ-उतारातच संपली. स्टेशनाला सपाट जागा राहिलीच नाही. चित्रात सुंदर दिसणारे दुमजली आराखडे खोलीत का फसतात, ते यावरून कळावं.

बोर्ड तुकड्यांत करावा, हा आग्रह मी धरीन, अगदी घर स्वतःचं असलं तरी. चार बाय दोन फुटांचा तुकडा दारातून जातो, जिन्याच्या वळणावर अडत नाही, मोटारीच्या मागच्या सीटवर बसतो. एका शीटमधून असे चार निघतात आणि काप वखारीतच यंत्रावर करून घेतला तर गुण्याला लागतात. तुकडे आले की जोड आला. नट-बोल्ट दोन बोर्डांना एकमेकांकडे ओढून धरतात, पण त्यांना नेमक्या जागी आणू शकत नाहीत. भोकात बोल्ट थोडा हलतोच. नेमकेपणासाठी धातूच्या खुंट्या वापरतात. एका बोर्डात खुंटी, समोरच्यात तिची वाटी. ही युक्ती ओतकामाच्या कारखान्यांतून आली. तिथे लाकडी साचा दोन अर्ध्यांत करतात आणि दोन्ही अर्धे दरवेळी तंतोतंत जुळावेत म्हणून याच खुंट्या घालतात.

जोडावरून रूळ नेण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. दोन्ही बोर्ड आवळून घट्ट करायचे. रूळ जोडावरून अखंड टाकायचा. जोडाच्या दोन्ही कडांना पितळी स्क्रू बसवून त्यांची डोकी रुळाच्या तळाला लागतील इतकी वर ठेवायची आणि रूळ त्यांना डाकाने पक्का करायचा. डाक थंड झाल्यावर बारीक पात्याने बरोबर जोडावर रूळ कापायचा. आधी दोन रूळ कापून मग समोरासमोर आणायला गेलं तर ते कधीच जुळत नाहीत. एकच रूळ कापला तर दोन्ही टोकं मुळात जुळलेलीच असतात.

हवामानाचा हिशेब आपल्याकडे ब्रिटनपेक्षाही जास्त करावा लागतो. लोकांना वाटतं, उन्हाळ्यात धातूचा रूळ वाढतो. वाढतो, पण पाच मीटरला वीस अंशांच्या फरकाने दीड-पावणेदोन मिलिमीटर. खरा खेळ लाकूड करतं. दमट हवेत ते तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं, कोरड्यात आक्रसतं. लांबीत मात्र जवळपास हलत नाही. प्लायवूडमध्ये एकाआड एक थरांचे तंतू आडवे-उभे असल्यामुळे ते एकमेकांना जखडून ठेवतात, म्हणून तो फळीपेक्षा शहाणा. कोकणात किंवा मुंबईत करायचं असेल तर साध्या कमर्शियल प्लायऐवजी आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्यावा आणि बोर्डाची खालची बाजू व कापलेल्या कडाही रंगवून बंद कराव्यात. वरची बाजूच रंगवली तर खालून ओल शोषली जाते आणि बोर्डाला बाक येतो. एमडीएफ सपाट दिसतो, पण त्याच्या कडा पाणी पितात आणि फुगतात. पावसाळी गावात तो टाळलेला बरा. वाळवीचं सांगायला नकोच.

राहिला आवाज. चौकटीवर ताणलेला पातळ प्लाय म्हणजे ढोलच. इंजिनाची घरघर तो मोठी करून ऐकवतो. म्हणून रुळाखाली तीन मिलिमीटरचा कॉर्क घालतात. तो उपयोगी पडतो, पण रुळावर खडी टाकून ती पातळ फेविकॉलने पक्की केली की वाळलेला गोंद रुळाला पुन्हा थेट लाकडाशी बांधतो आणि कॉर्कचा फायदा बराचसा जातो. ज्यांना शांतता हवी ते खडीला रबरासारखा मऊ राहणारा गोंद वापरतात.

ज्याला हे सगळं वाचून करून बघावंसं वाटत असेल त्याने खोली मोजू नये, आधी एकच बोर्ड करावा. चार बाय दोनचा, नऊ मिलिमीटर प्लायचा, शंभर मिलिमीटरच्या उभ्या पट्ट्यांचा. त्यावर ॲलन राइट या ब्रिटिश छांदिष्टाने रचलेलं ‘इंगलनुक’ नावाचं शंटिंगचं कोडं मांडावं. सांधे दोन, साइडिंग, म्हणजे बाजूला फुटलेले रूळ, तीन. एकीत पाच वाघिणी मावतील, उरलेल्या दोघींत तीन-तीन. एकूण आठ वाघिणींतल्या पाच, चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमाने, लांब साइडिंगमध्ये लावायच्या. एन मापात, नऊ मिलिमीटरच्या रुळावर, हे एका बोर्डावर आरामात बसतं. डबल ओला शेजारी आणखी एक तुकडा जोडावा लागू शकतो. आठातून पाच वाघिणींचे क्रम ६,७२० होतात. तेवढे संपेपर्यंत दुसऱ्या बोर्डाचं लाकूड वखारीतच राहू द्यायला हरकत नाही.